होडी पाणी घेते तेव्हा : मोटरबोटीतील गळतीचा शोध आणि दुरुस्ती

लाकडी होडी पाणी घेते, हे कोकणच्या किनाऱ्यावर कुणाला सांगावे लागत नाही. पावसाळाभर झावळ्यांखाली विसावलेली होडी नारळी पौर्णिमेच्या सुमारास पाण्यात लोटली, की पहिले काही दिवस तिच्या सांध्यांतून पाणी पाझरते. सुकलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगतात, सांधे आवळले जातात आणि पाझर आपोआप कमी होतो. हौसेने फिरण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या आजच्या मोटरबोटी मात्र बहुतेक फायबरच्या असतात. काचतंतूंचे थर रेझिनमध्ये भिजवून त्या घडवलेल्या असतात. फायबर पाणी पिऊन फुगत नाही. लाकडाच्या सवयीने फायबरची गळती ‘मुरेल आणि मिटेल’ म्हणून वाट पाहत बसणे धोक्याचे आहे. ती आहे तेवढी राहते किंवा वाढते.

फायबरचा तळ साच्यात एकसंध घडतो. त्याला फळ्या नाहीत, त्यामुळे फळ्यांचे सांधेही नाहीत. अमेरिकेत ओहायो राज्यात रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये केलेली होडी अशा पहिल्या होड्यांपैकी एक मानली जाते. महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत हौशी बोटींमधून लाकूड जवळजवळ हद्दपार झाले. साच्यातून निघालेल्या नव्या तळातून पाण्याचा थेंबही आत येत नाही. त्यानंतर त्याला भोके पाडायला सुरुवात होते. साचलेले पाणी काढून टाकण्यासाठी पिछाडीला एक भोक, इंजिन टांगण्यासाठी चार, खोली मोजणाऱ्या यंत्राच्या डोळ्यासाठी दोन-तीन, पंपाच्या पाइपासाठी एक. मग कठडे, दोर बांधायच्या खुंट्या, काच, दिवे आणि कडेने फिरवलेली रबरी पट्टी यांचे स्क्रू. सहा मीटरच्या साध्या होडीचीही ही भोके मोजत गेले तर शंभरी सहज ओलांडते. फायबरच्या होडीत बहुतेक वेळा तळ गळत नाही, माणसाने पाडलेले भोक गळते. गळतीचा सारा शोध या एका गोष्टीवर उभा आहे. म्हणून पहिले काम पाना हातात घेण्याचे नसते. होडीला किती भोके आहेत, कुठे आहेत आणि त्यांतली पाण्याच्या रेषेखाली कोणती, याची कागदावर यादी करण्याचे असते.

या यादीत एका भोकाचे स्थान वेगळे आहे. १९५९ मध्ये व्होल्वो पेंटाने ‘ॲक्वामॅटिक’ हे स्टर्न ड्राइव्ह न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात मांडले. इंजिन होडीच्या आत, आणि पंख्याचा वळणारा, उचलता येणारा पाय पिछाडीच्या बाहेर, अशी ही रचना. तिच्यामुळे हौशी होडीला मोटारगाडीच्या जातीचे ताकदवान इंजिन मिळाले. पण त्याचबरोबर पिछाडीच्या भिंतीला, म्हणजे ट्रान्समला, पाण्याखाली एक भलेमोठे भोक पडले. ते भोक आणि समुद्र यांच्यामध्ये आजही रबराची एक घडीदार नळी एवढाच आडोसा असतो. तिच्याविषयी पुढे सविस्तर येईल.

पाण्याखालच्या भोकातून धार किती वेगाने येते याचे गणित इटलीच्या टॉरिचेली यांनी सतराव्या शतकातच मांडले आणि ते होडीवाल्याला फार उपयोगी पडते. भोकाचा व्यास दुप्पट झाला की पाणी चौपट येते. खोली चौपट झाली की पाणी दुप्पट येते. २५ मिलिमीटर व्यासाचे भोक ३० सेंटिमीटर खोल असेल, तर त्याच्या कडा कशा आहेत त्याप्रमाणे मिनिटाला साधारण ४० ते ६० लिटर पाणी आत घुसते. पाच मिनिटांत दोन-तीनशे लिटर, म्हणजे तीन-चार माणसांचे वजन. दुसऱ्या टोकाला सेकंदाला एक थेंब अशी गळती असते. तिच्याकडे कुणी पाहतही नाही, पण ती दिवसाला चार लिटरच्या वर पाणी आणते आणि आठवड्याने होडीवर येणाऱ्या मालकाला तळात तीसेक लिटर पाणी सापडते. तळातल्या या खोलगट जागेला, जिथे सगळे पाणी उतरून साचते, बिल्ज म्हणतात.

बिल्जमध्ये पंप असतो, आणि गळती लपवणारी होडीतली सर्वांत मोठी वस्तू तोच असतो. पाणी वाढले की तरंगता स्विच पंप आपोआप सुरू करतो, पाणी बाहेर पडते, मालकाला बिल्ज कोरडे दिसते. महिनोन्महिने असे चालते. मग एखाद्या दिवशी बॅटरी उतरते, स्विचमध्ये चिंधी अडकते किंवा तार गंजून तुटते, आणि होडी बांधल्या जागी बुडते. अमेरिकेतील विम्याच्या दाव्यांचा अनुभवही असाच आहे: चालत्या होड्यांपेक्षा धक्क्याला वा नांगरावर उभ्या होड्या जास्त संख्येने बुडतात. पंपावर छापलेल्या आकड्यावरही विसंबू नये. ताशी ५०० अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे १९०० लिटर, हा आकडा पाणी वर चढवायचे नसताना आणि बॅटरी पूर्ण भरलेली असताना मोजलेला असतो. मीटरभर उंची, पाइपची वळणे आणि उतरत जाणारी बॅटरी यांत त्यातला निम्मा भाग गेला तरी नवल नाही. २५ मिलिमीटरच्या भोकापुढे असा पंप हरतो. पंपाने वेळ मिळतो. तो वेळ गळती शोधायला वापरायचा असतो. पंप दिवसातून किती वेळा चालला हे दाखवणारे छोटे मोजणीयंत्र बसवणे हा या क्षेत्रातला अगदी स्वस्तात मिळणारा शहाणपणा आहे.

आत आलेले पाणी कोणते, हा शोधातला पहिला प्रश्न. ते समुद्राचे असेल, पावसाचे असेल, पिण्याच्या पाण्याच्या टाकीचे असेल किंवा इंजिन थंड ठेवणाऱ्या रंगीत कूलंटचे असेल. चव घेऊन पाहण्याची जुनी सवय इथे सोडून द्यावी, कारण बिल्जच्या पाण्यात पेट्रोल, तेल आणि विषारी कूलंट मिसळलेले असू शकते. बिल्ज गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करावे, नव्याने जमलेले चमचाभर पाणी काचेच्या तुकड्यावर घेऊन उन्हात ठेवावे. पाणी समुद्राचे असेल तर काचेवर मिठाचा पांढरा थर उरतो. पानशेतसारख्या धरणातल्या होडीला ही परीक्षा लागू पडत नाही. तिथे टाकीच्या पाण्यात खाण्याचा रंग मिसळून तो रंग बिल्जमध्ये उतरतो का ते पाहावे.

पावसाला कमी लेखणे ही कोकणातली नेहमीची चूक आहे. उघड्या होडीचा वरचा पसारा १० चौरस मीटर धरला आणि दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर तिच्यावर १००० लिटर, म्हणजे एक टन पाणी पडते. जुलैत असे दिवस मोजके नसतात. ताडपत्री मध्ये झोळीसारखी लोंबत असेल तर ती पाणी अडवत नाही, गोळा करून एका जागी ओतते. पावसाळ्यानंतर बिल्ज भरलेले दिसले तर तळावर संशय घेण्याआधी ताडपत्रीचा उतार तपासावा.

दुसरा प्रश्न केव्हा हा. होडी नुसती उभी असताना पाणी येते, इंजिन चालू असतानाच येते, वेग घेतल्यावर येते, लाटांत आपटल्यावर येते की माणसे चढल्यावर येते? प्रत्येक उत्तर यादीतली निम्मी भोके बाद करते. उभ्या होडीत इंजिन बंद असताना पाणी वाढत असेल तर दोष पाण्याच्या रेषेखालच्या कायमच्या भोकात आहे. इंजिन बांधल्या जागी नुसते चालवले आणि पाणी आले, तर इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचा पंप, त्याच्या नळ्या किंवा गंजलेला एक्झॉस्टचा कोपरा तपासायचा. तो पंप मिनिटाला कित्येक लिटर पाणी ओढत असतो, आणि नळी निसटली तर ते सगळे पाणी तो होडीतच ओततो. फक्त वेगात पाणी आले तर पिछाडी. चालताना ती खोल बसते आणि एरवी पाण्याबाहेर असणारी भोके बुडतात. फक्त लाटांत आले तर तळ आणि डेक जिथे जोडले आहेत तो सांधा, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीमागची जागा. फक्त गर्दी झाल्यावर आले तर वजनाने खाली गेलेले एखादे निचऱ्याचे भोक. असे चार-पाच प्रसंग वहीत तारीख-वेळेसह लिहून ठेवले, तर गळती निम्मी सापडलेली असते. हे काम कंटाळवाणे वाटते म्हणून लोक थेट सीलंटची नळी घेऊन दिसेल तिथे फासत सुटतात. मग खरी जागा त्या थराखाली झाकली जाते आणि पुढच्या माणसाला ती सापडेनाशी होते.

पाण्याचा एक खोडसाळपणा सतत ध्यानात ठेवावा लागतो. पाणी जिथे दिसते तिथे ते शिरलेले नसते. नाळेपाशी, म्हणजे होडीच्या टोकाशी शिरलेले पाणी तळातल्या आडव्या-उभ्या दांड्यांच्या आडोशाने मागे वाहत येते आणि इंजिनाखाली प्रकटते. बिचाऱ्या इंजिनावर आळ येतो. यावर उपाय साधा आहे. स्पंजने बिल्ज टिपून काढायचे, कापडाने पूर्ण कोरडे करायचे आणि संशयाच्या प्रत्येक जागेभोवती टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरायची. फिटिंगच्या मुळाशी टिशू पेपरची कडी करून बसवायची. मग होडी पाण्यात सोडून टॉर्च घेऊन आत पाहत राहायचे. कोरड्या पांढऱ्या पुडीवर पहिल्या थेंबाची करडी रेघ उमटते आणि ती कोणत्या बाजूने वाहत आली हे अगदी स्पष्ट दिसते. बोल्टच्या डोक्याला एका बाजूनेच ओला झालेला कागद अर्ध्या तासाच्या अंदाजांपेक्षा जास्त सांगून जातो.

होडी ट्रेलरवर असेल तर हीच परीक्षा उलटी करता येते. बाहेरून तळ कोरडा करून आत पाणी भरायचे आणि ते बाहेर कुठे येते ते खाली वाकून पाहायचे. पाण्यात थोडा रंग मिसळला तर ठिबक लगेच नजरेत भरते. इथे मात्र हात आखडता ठेवावा लागतो: एक लिटर म्हणजे एक किलो, आणि पाण्याने तोललेल्या तळाला आतून वजन घेण्याची सवय नसते. घोट्याएवढे पाणी पुरे. ते इंजिनाच्या स्टार्टर मोटरला वा तारांना लागणार नाही हे आधी पाहावे. याहून सोपी एक खूण आहे. होडी पाण्याबाहेर काढल्यावर तासाभरात तळ वाळतो, पण एखादी जागा ओलीच राहते, पुसली तरी पुन्हा ओलावते. आत गेलेले पाणी त्याच वाटेने परत येत असते. किनाऱ्यावर हे ओहोटीलाही साधता येते. भरतीला होडी रेतीच्या सपाट पट्ट्यावर आणून बांधली की पाणी उतरल्यावर तळ तपासायला काही तास मिळतात.

आता जागांकडे. सर्वांत पहिली जागा ड्रेन प्लगची, आणि तिच्याविषयी बोलताना कुणी लाजू नये. होडी वर काढल्यावर साचलेले पाणी वाहून जावे म्हणून पिछाडीच्या तळाशी हा प्लग काढून ठेवतात, आणि पाण्यात सोडताना तो लावायचा राहून जातो. वर्षानुवर्षे होडी चालवणाऱ्यांकडूनही हे होते. प्लग लावूनही पाणी येत असेल तर त्याची रबरी कडी कडक झाली आहे का, पितळी आटे झिजले आहेत का, आणि प्लग ज्या चकतीत बसतो तिचे स्क्रू ढिले आहेत का ते पाहावे. त्या चकतीमागून येणारे पाणी प्लगमधून येते असे वाटते.

ट्रान्समवर इंजिनाचे बोल्ट, सेन्सरचे बारीक स्क्रू आणि ट्रिम टॅबची, म्हणजे होडीचा कल सांभाळणाऱ्या पट्ट्यांची, बिजागरे असतात. जुन्या होड्यांच्या ट्रान्सममध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असते. स्क्रूच्या भोकातून त्यात झिरपलेले पाणी महिन्यांनी होडीत दिसते, पण त्याआधीच लाकूड कुजवायला लागते. लाकडी मुठीच्या हातोडीने ट्रान्सम हलके ठोकत जावे: घट्ट भाग टणक वाजतो, कुजलेला भाग बोथट, मेल्यासारखा. इंजिनाचा पाय धरून हलवल्यावर ट्रान्सम लवत असेल, तर प्रश्न गळतीचा राहिलेला नाही, ट्रान्सम बदलण्याचा झाला आहे.

स्टर्न ड्राइव्हच्या होडीत पिछाडीच्या त्या मोठ्या भोकावर जी घडीदार रबरी नळी असते तिला बेलोज म्हणतात. हार्मोनियमच्या भात्यासारख्या तिच्या घड्या असतात. एक बेलोज इंजिनाची ताकद पंख्याकडे नेणाऱ्या सांध्याभोवती असते, एक बारीक बेलोज गिअरच्या केबलभोवती. या दोन्हींतली कोणतीही फाटली तर समुद्र थेट आत येतो. एक्झॉस्टची बेलोज फाटली तर मात्र होडी बुडत नाही. तपासायची पद्धत अशी: पाय पूर्ण वर उचलावा, टॉर्च धरावा आणि प्रत्येक घडी अंगठ्याने उघडून तिच्या तळाशी पाहावे. फाटण्याची सुरुवात घडीच्या शिखरावर होत नाही, खोबणीत होते. तिथे केसासारख्या बारीक भेगा दिसतात. खाऱ्या पाण्यात बार्नॅकल याच खोबणीत घर करतात आणि पाय वर-खाली होताना त्यांची धारदार कवचे रबर कापतात. होडी उभी ठेवताना पाय खाली सोडून ठेवावा. वर उचललेल्या पायाने घड्या दुमडून राहतात आणि तशाच कडक होतात. सुकाणू वळवताना पिछाडीतून घरघर येऊ लागली, तर पाणी शिरून आतले बेअरिंग गंजल्याची ती खूण आहे. भेग दिसलेल्या बेलोजवर सीलंट, चिकटपट्टी, सायकलचा पॅच असले काही लावू नये. ती बदलावीच लागते, आणि ट्यूबसारखे ठिगळ लावून ‘एवढा हंगाम काढू’ म्हणणाऱ्याला परावृत्त करणे हे मेकॅनिकचे कर्तव्य आहे.

इनबोर्ड इंजिनाच्या होडीत पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो आणि त्याभोवती ग्लँड असते. तिच्यात वंगण लावलेल्या पॅकिंगच्या दोरीचे वेढे नटाने दाबून बसवलेले असतात. ही एक जागा अशी आहे की जिने थोडे गळलेच पाहिजे. दांडा फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडावेत; त्या पाण्यानेच पॅकिंग थंड राहते. दांडा थांबल्यावर थेंब थांबावेत. टॉर्च आणि घड्याळ घेऊन ते मोजावेत. थेंब जास्त पडत असतील तर नट थोडासाच आवळावा, पुन्हा मोजावे, आणि होडी चालवून आल्यावर ग्लँडला हात लावून पाहावा. ती कोमट असावी. हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळला गेला आहे आणि दांड्यावर खाच पडत आहे. आवळूनही थेंब थांबत नसतील तर पॅकिंग संपले. नवे वेढे घालताना एकच लांब दोरी गुंडाळू नये. प्रत्येक वेढा स्वतंत्र कापावा आणि सांधे एकाखाली एक येऊ देऊ नयेत.

नळ्या आणि कॉक यांत धोका साध्या वस्तूंचा असतो. पाण्याच्या रेषेखालच्या प्रत्येक फिटिंगला बंद करता येणारा सीकॉक हवा, आणि तो हाताने फिरायला हवा. वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक ऐन वेळी फिरत नाही. नळीच्या टोकाला जागा असेल तिथे दोन स्टेनलेस क्लॅम्प लावावेत. बाजारातले साधे नळकामाचे पितळी फिटिंग समुद्रात चालत नाही. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते, फिटिंगवर गुलाबी छटा येते आणि पोकळ तांब्याचा सांगाडा उरतो, जो पाना लावताच हातात येतो. समुद्रासाठी ब्राँझ किंवा खास सागरी वापराचे प्लास्टिक घ्यावे. स्टेनलेसचा बोल्टही ओल्या लाकडात हवेवाचून राहिला तर मधेच खाल्ला जातो. डोके चकचकीत, कंबर सुतळीएवढी. आणखी एक वाट सहज नजरेआड होते. पंपाच्या पाइपचे बाहेरचे तोंड पाण्याखाली गेले की पंप बंद झाल्यावर समुद्र त्याच पाइपने उलटा आत येऊ लागतो. पाइप पाण्याच्या रेषेच्या बराच वर नेऊन वळवला आणि त्या वळणाच्या माथ्यावर हवा शिरायची सोय ठेवली तर हा सायफन मोडतो.

पाण्याच्या रेषेवरच्या गळतीसाठी बागेची नळी पुरते. एक माणूस आत, एक बाहेर. पाणी तळाकडून सुरू करून वर चढत जायचे आणि प्रत्येक जागेवर काही मिनिटे थांबायचे. वरून सुरुवात केली तर ओघळणारे पाणी खालच्या सगळ्या भोकांतून शिरते आणि काहीच सिद्ध होत नाही.

काही होड्यांच्या पोटात तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. तो पाणी शोषत नाही असे मानले जाते, पण वर्षानुवर्षे पाण्यात बसलेला फोम पाणी धरतो आणि सोडत नाही. बिल्ज कोरडे दिसते, होडी मात्र जड होत जाते, उशिरा वेग घेते, पाण्यात खोल बसते. ट्रेलरसह वजनकाट्यावर चढवून, ट्रेलरचे वजन वजा करून, बनवणाऱ्याने दिलेल्या वजनाशी पडताळले की उत्तर मिळते. भिजलेला फोम वाळत नाही. तो कापून काढावा लागतो.

गळती सापडली की दुरुस्ती बहुधा छोटी असते, पण ती अर्धवट करण्याचा मोह मोठा असतो. गळणाऱ्या फिटिंगच्या कडेने बाहेरून सीलंटची रेघ ओढणे ही दुरुस्ती नव्हे. फिटिंग काढावे, जुने सीलंट खरवडून संपूर्ण काढावे, ॲसिटोनने पुसावे, भोकाच्या कडेला किंचित उतार द्यावा म्हणजे सीलंटची कडी तिथे बसते, आणि मग नव्याने बसवावे. बोल्ट आवळताना सगळे सीलंट पिळून बाहेर येईल इतका जोर लावू नये. सीलंटची निवड जागेप्रमाणे करावी. पाण्याखाली पॉलियुरेथेन चांगले. ते इतके घट्ट धरते की पुढे काढायची असलेली वस्तू त्याने बसवू नये. पॉलिसल्फाइडही पाण्याखाली टिकते, पण ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटच्या खिडक्यांना ते खाते. डेकवरच्या खुंट्या आणि कठड्यांसाठी ब्यूटिलची पट्टी उत्तम. सिलिकॉन होडीवर शक्य तितके टाळावे. त्याचा अदृश्य थर मागे राहतो आणि त्या जागेवर पुन्हा ना रंग धरतो ना दुसरे सीलंट.

भोक जर प्लायवूड किंवा बाल्सा लाकडाचा गाभा असलेल्या जागी असेल तर नुसते सीलंट पुरत नाही. भोक मोठे करावे, ओला गाभा खरवडून वाळू द्यावा, पोकळी घट्ट केलेल्या एपॉक्सीने भरावी आणि ती कडक झाल्यावर तिच्या मधोमध नवे भोक पाडावे. मग पुढे सीलंट हरले तरी पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही. ही अर्ध्या दिवसाची मेहनत आहे आणि तिने ट्रान्समचे आयुष्य वाचते.

तळाला खडक लागून खरी भेग पडली असेल तर प्रथम ती वरवरची आहे की आरपार, हे पाहावे. जेलकोटवरच्या, म्हणजे फायबरच्या चकचकीत बाहेरच्या थरावरच्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा बहुधा गळत नाहीत. आरपार भेग मात्र बुजवून भागत नाही. भेगेभोवतीचा भाग घासून उतरता करावा. थराच्या जाडीच्या बारापट रुंद उतार हा जुना, खात्रीचा हिशेब आहे. ५ मिलिमीटर जाडीला प्रत्येक बाजूला ६० मिलिमीटर. त्या उतारावर काचकापडाचे थर एकावर एक चढवावेत. जुन्या फायबरवर एपॉक्सी पॉलिएस्टरपेक्षा घट्ट धरते. पण बाजारातली साधी चटईसारखी मॅट पॉलिएस्टरसाठी केलेली असते. तिच्यातला डिंक एपॉक्सीत विरघळत नाही, म्हणून एपॉक्सीबरोबर विणलेले कापड घ्यावे. कोकणच्या पावसाळी हवेत ही कामे करू नयेत. दमट हवेत एपॉक्सीवर चिकट थर येतो आणि त्यावरचा पुढचा थर सुटतो. थर आला असेल तर तो पाण्याने धुऊन, वाळवून, घासून मगच पुढे जावे.

जिवाशी खेळ होणार नाही याची काळजी कामाआधीच घ्यायची असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बिल्जमध्येच बसते. तिथे ठिणगी उडेल असे कोणतेही अवजार चालवण्याआधी झाकणे उघडून, पंखा लावून हवा खेळू द्यावी आणि वास उरला नाही याची खात्री करावी. पॉलिएस्टरचा हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. काचतंतूंची धूळ मास्कशिवाय घेऊ नये. तेल मिसळलेले बिल्जचे पाणी खाडीत किंवा धरणात सोडू नये. ते तेलशोषक कापडाने टिपून बाहेर न्यावे.

पाण्यावर असताना गळती फुटली तर क्रम ठरलेला आहे. सर्वांनी लाइफ जॅकेट घालावे, पंप सुरू करावा, मग भोक शोधावे. प्रत्येक सीकॉकशेजारी मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवलेली असेल तर फुटलेल्या जागी ती ठोकता येते. भेग असेल तर आतून उशी, कापड किंवा रबराचा तुकडा दाबून धरावा. बाहेरून ताडपत्री ओढून घेतली तर पाण्याचा दाबच ती चिकटवतो. होडी दुसऱ्या बाजूला कलवून भोक पाण्याच्या वर आणता आले तर तो सर्वांत झटपट उपाय. पाणी आटोक्यात येत नसेल तर संकोच न करता मदत मागावी. भारतीय तटरक्षक दलाचा शोध व बचावासाठीचा दूरध्वनी क्रमांक १५५४ आहे.

दुरुस्तीनंतर होडी पाण्यात सोडताना ट्रेलरचा पट्टा लगेच सोडू नये. पाच मिनिटे आत वाकून टॉर्चने पाहावे, मग अर्धा तास बांधून ठेवावे, मग इंजिन चालवून पाहावे, मग एक फेरी मारावी. पंपाचा ऑटोमॅटिक स्विच शाबूत असला तरी त्या पहिल्या रात्री मालकाने होडीवर एक चक्कर टाकावीच, आणि सकाळी बिल्जमधले पाणी मोजून वहीत लिहावे. ड्रेन प्लग एक जादा घ्यावा आणि इंजिनाच्या किल्लीला बांधून ठेवावा, म्हणजे किल्ली हातात घेतली की प्लगची आठवण होते.